उजेडाकडे जाणारा रोबो घरी कसा बांधावा

या रोबोत एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारे छोटे भाग, दोनच लागतात, पण दुकानात सहा मागा. का ते पुढे सांगते.

आधी हा रोबो काय करतो ते. दोन चाकं, उजेड ओळखणारे दोन डोळे, आठ पायांची एक आयसी (छोटी चिप) आणि चार सेल. मायक्रोकंट्रोलर नाही, प्रोग्राम नाही, लॅपटॉपही नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च दाखवली की तो डुलत डुलत टॉर्चकडे येतो आणि टॉर्च हलवली की तिच्या मागे वळतो. माझी मुलगी सातवीत असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला हाच हवा होता. मी शिकले कॉमर्स, इलेक्ट्रॉनिक्सची ओळख शून्य. साताऱ्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघींनी तो तीनदा बांधला. पहिले दोन चालले नाहीत, तिसरा आजही चालतो. पहिल्या दोन वेळी जे अडलं ते तुमचं अडू नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. उजेड मोजू नका, तुलना करा

आमचा पहिला रोबो असा होता: डाव्या एलडीआरवर उजेड पडला की उजवी मोटर सुरू, उजव्यावर पडला की डावी. कागदावर अगदी बरोबर. प्रत्यक्षात दुपारी खिडकीतल्या उजेडानेच दोन्ही मोटरी सुरू राहायच्या आणि रोबो सरळ भिंतीवर जायचा. संध्याकाळी ट्यूब बंद केली की दोन्ही बंद. प्रिसेट (स्क्रूसारखा फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) फिरवून एका वेळेसाठी जमवलं की तासाभराने पुन्हा बिघडायचं, कारण बाहेरचा उजेड बदललेला असायचा.

चूक प्रश्नातच होती. "उजेड आहे का?" हा प्रश्न रोबोच्या कामाचा नाही. त्याला विचारायला हवं, "उजेड कोणत्या बाजूला जास्त आहे?"

एलडीआरवर उजेड पडला की त्याचा रोध, म्हणजे वीज अडवण्याची ताकद, कमी होतो. गडद अंधारात तो दहा लाख ओहमच्या घरात असतो, टॉर्चसमोर हजार ओहमच्याही खाली येतो. असे दोन एलडीआर एकापुढे एक जोडायचे: डाव्याचं एक टोक प्लसला, दुसरं टोक उजव्याला, आणि उजव्याचं उरलेलं टोक मायनसला. दोघांवर सारखा उजेड असेल तर मधल्या जोडावर बरोबर निम्मा व्होल्टेज येतो, म्हणजे ६ व्होल्टच्या सेलवर ३ व्होल्ट. डावीकडे उजेड जास्त झाला की मधला व्होल्टेज चढतो, उजवीकडे झाला की उतरतो. ढग आला, ट्यूब बंद झाली, तरी दोघांचाही रोध साधारण एकाच प्रमाणात वाढतो आणि मधला बिंदू जागचा हलत नाही. या सर्किटमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूचे अभ्यासक ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवं बनवली होती. तीही उजेड शोधत फिरायची. प्रत्येकात दोन व्हॅक्यूम ट्यूब (जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे भाग) होत्या आणि उजेड ओळखणारा डोळा एकच, म्हणून तो डोळा वळणाऱ्या चाकाबरोबर सतत गोल फिरत ठेवलेला होता. डोळा एकच असेल तर तो फिरवावा लागतो. दोन असतील तर न फिरवता तुलना करता येते. हे वाचल्यापासून आमच्या घरी या रोबोला कासवच म्हणतात.

२. सामान

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, इथे सगळं एका फेरीत मिळतं. आम्ही एसटीने स्वारगेटला उतरून तपकीर गल्लीत गेलो होतो. यादी कागदावर लिहून न्या आणि नंबर तंतोतंत तोच घ्या.

- एलडीआर: ६, ५ मिमी आकाराचे, शक्यतो एकाच पाकिटातले
- आयसी एलएम३५८: २ (एक जळण्यासाठी धरा), आणि आठ पायांचा आयसी बेस
- ट्रान्झिस्टर टीआयपी१२२ (आयसीच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा): २
- डायोड १एन४००७: २
- रेझिस्टर १ किलोओहम (तपकिरी, काळा, लाल पट्टे): १० घ्या, तसेही पाकिटातच मिळतात
- प्रिसेट १० किलोओहम (वर १०३ छापलेलं असतं): १
- सिरॅमिक कपॅसिटर १०४: २, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट: १
- एलईडी: २, वेगवेगळ्या रंगांचे
- पिवळ्या बीओ मोटरी (आतच गिअर असलेल्या), १०० आरपीएम (मिनिटाला १०० फेरे): २, आणि त्यांची ६५ मिमीची चाकं
- कॅस्टर व्हील (कोणत्याही दिशेला वळणारं आधाराचं लहान चाक): १
- चार एए सेलचा होल्डर, स्विच, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची भोकांची पाटी), जंपर वायरी
- मल्टिमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर

शेवटच्या ओळीतल्या तीन वस्तू सोडल्या तर बाकी सामान आम्हाला चार-पाचशे रुपयांत बसलं होतं. मल्टिमीटर मात्र टाळू नका, अगदी स्वस्तातला चालेल. त्याशिवाय हे काम म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून शिवणकाम.

दुकानातले तीन सापळे इथेच सांगते.

पहिला: एलएम३५८ संपला असेल तर "एलएम३९३ घ्या, सेमच आहे" असं सांगितलं जातं. पायांची मांडणी खरोखर तीच आहे, काम वेगळं आहे. ३९३ आपल्या आउटपुटला मायनसकडे ओढू शकतो, पण स्वतःहून प्लस देत नाही. नुसता बदलून लावला तर मोटर हलतच नाही. तोच वापरावा लागला तर पाय १ आणि पाय ७ यांच्यापासून प्लसला एकेक १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा, मग चालतो.

दुसरा: टीआयपी१२२ ऐवजी छोटा काळा बीसी५४७. पुष्कळ आकृत्यांत तो दाखवलेला असतो. त्याची कमाल मर्यादा १०० मिलिअँपिअर. बीओ मोटर चालू होताना आणि अडकल्यावर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. आमचे दोन्ही बीसी५४७ पहिल्याच संध्याकाळी गेले. टीआयपी१२२ पाच अँपिअरपर्यंतचा आहे. त्यात पाऊण-एक व्होल्ट वाया जातो, पण तो मरत नाही.

तिसरा, आणि सगळ्यात जास्त लोक यातच अडकतात: चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. ९ हा आकडा ६ पेक्षा मोठा, म्हणून ती जास्त ताकदीची वाटते. पण ती कमी करंटच्या कामांसाठी असते. मोटर सुरू झाली की तिचा व्होल्टेज कोसळतो, आयसी गोंधळते, रोबो जागेवर थरथरत राहतो. आणि आपण दोन दिवस सर्किटमध्ये चूक शोधत बसतो. चार एए अल्कलाइन सेल घ्या. रिचार्जेबल निकेल सेलही चालतात. चार मिळून ४.८ व्होल्टच होतात, पण रोबो जरा सावकाश चालतो आणि ते बरंच असतं. लिथियम सेल मुलांबरोबरच्या पहिल्या रोबोत नकोत. शॉर्ट झाले तर आग लागू शकते.

३. एलडीआरची जोडी जुळवा

सहा एलडीआर आणायला का सांगितलं ते आता. एकाच नंबरच्या, एकाच पाकिटातल्या दोन एलडीआरमध्येही दुपटीचा फरक असू शकतो. असे दोन लावले तर रोबोचा एक डोळा जन्मापासून अधू राहतो.

मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा. टेबलावर एक खूण करा, वरचा दिवा तोच ठेवा, स्वतः हलू नका (तुमची सावलीही मोजमाप बिघडवते). प्रत्येक एलडीआर त्याच खुणेवर ठेवून रोध लिहून घ्या. मग पडदे थोडे ओढून पुन्हा एकदा मोजा. दोन्ही वेळा जे दोघं सगळ्यात जवळ येतील ती तुमची जोडी.

एलडीआरमध्ये कॅडमियमचं संयुग असतं आणि ते विषारी आहे. तो फोडू नका, घासू नका, लहान भावंडं तोंडात घालणार नाहीत असा ठेवा. काम झालं की हात धुवा.

४. आधी फक्त डोळे

सगळं एकदम जोडून मग स्विच दाबायचा मोह होतो. आम्ही दुसऱ्या वेळी तेच केलं आणि चूक नेमकी कुठे आहे ते कधीच कळलं नाही. एक टप्पा, एक चाचणी, मग पुढचा टप्पा.

ब्रेडबोर्डवर डावा एलडीआर प्लसपासून मधल्या बिंदूपर्यंत लावा आणि उजवा मधल्या बिंदूपासून मायनसपर्यंत. डावा-उजवा हे रोबोच्या बाजूने ठरवा, समोर बसलेल्या तुमच्या बाजूने नाही. दोन्हींवर चिकटपट्टी लावून "डा" आणि "उ" लिहा.

सेल जोडा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि मधला बिंदू व मायनस यांच्यात मोजा. साधारण ३ व्होल्ट दिसले पाहिजेत. डाव्यावर बोट ठेवा, आकडा उतरेल. उजव्यावर ठेवा, चढेल. उलट होत असेल तर दोघांची अदलाबदल झाली आहे. काहीच होत नसेल तर ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या रेषा तपासा. लांब ब्रेडबोर्डवर त्या अनेकदा मधोमध तुटलेल्या असतात. रेषेत फट दिसली तर तिथे एक जंपर टाका.

५. आयसी आणि दोन एलईडी

आयसीच्या एका टोकाला खाच किंवा ठिपका असतो. खाच वर धरली की तिच्या डावीकडचा पहिला पाय १ नंबर. तिथून डावीकडून खाली १ ते ४, मग उजवीकडून खालून वर ५ ते ८.

- पाय ८ प्लसला, पाय ४ मायनसला
- एलडीआरचा मधला बिंदू पाय ३ आणि पाय ६ ला
- प्रिसेटची दोन टोकं प्लस आणि मायनसला, मधला पाय आयसीच्या २ आणि ५ ला
- पाय १ आणि पाय ७ पासून प्रत्येकी एक १ किलोओहम रेझिस्टर, मग एलईडी, मग मायनस
- ४७० चा कपॅसिटर प्लस-मायनसमध्ये. पट्ट्याचा पाय मायनसला

आयसीत दोन तुलना करणारे भाग आहेत आणि आपण त्यांना एकच प्रश्न उलटसुलट विचारतो. डावीकडे उजेड जास्त असेल तर पाय १ चा एलईडी लागतो, उजवीकडे असेल तर पाय ७ चा. दोन्हींपैकी एक सतत लागलेला असणार.

प्रिसेट सावकाश फिरवा. एका ठिकाणी एक एलईडी विझून दुसरा लागेल, तिथेच सोडा. ती जागा प्रिसेटच्या मध्याजवळ असायला हवी. अगदी टोकाला गेली तर जोडी नीट जुळलेली नाही किंवा एक एलडीआर सावलीत आहे. आता बोटाने एकेक डोळा झाका आणि एलईडी बदलताना बघा. आमच्या घरी या क्षणी टाळ्या वाजल्या होत्या, चाक अजून एकही नव्हतं तरी.

आयसी गरम लागली तर लगेच सेल काढा. ती उलटी बसली आहे.

६. मोटरी

टीआयपी१२२ ची छापील बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर. मागचा धातूचा पत्राही कलेक्टरलाच जोडलेला असतो, म्हणून दोन ट्रान्झिस्टरचे पत्रे एकमेकांना टेकू देऊ नका.

पाय १ पासून १ किलोओहम रेझिस्टर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला. एमिटर मायनसला. कलेक्टरला उजव्या मोटरची एक वायर, तिची दुसरी वायर प्लसला. पाय ७ पासून तसंच सगळं डाव्या मोटरसाठी. फुली लक्षात घ्या: डावीकडे उजेड असेल तर उजवं चाक फिरतं, म्हणून रोबो डावीकडे वळतो. एलईडी तसेच राहू द्या, पुढे चूक शोधताना तेच कामी येतात.

प्रत्येक मोटरला समांतर एक डायोड. पांढरा पट्टा प्लसच्या बाजूला. मोटर बंद होताना जो उलटा झटका येतो तो हा डायोड गिळतो. डायोड ब्रेडबोर्डवरच लावा, मोटरच्या टोकांना सोल्डर करू नका. कारण मोटर उलटी फिरली की आपण मोटरच्या वायरी बदलतो. डायोड मोटरवरच असेल तर तोही उलटा होतो आणि सेल सरळ शॉर्ट होतात. १०४ चा कपॅसिटर मात्र मोटरच्या टोकांवरच हवा. त्याला उलटसुलट नसतं.

बीओ मोटरच्या तांब्याच्या पट्ट्या फार नाजूक असतात, दोन-तीनदा वाकवल्या की तुटतात. वायर ओवा, पटकन सोल्डर करा (जास्त तापवलं तर भोवतीचं प्लॅस्टिक वितळतं) आणि वायर मोटरच्या अंगाला ग्लू गनने चिकटवून टाका, म्हणजे ओढ पट्टीवर येणार नाही. सोल्डर करताना खिडकी उघडी ठेवा.

७. गाडी

सनबोर्ड किंवा प्लायवूडचा १५ बाय १० सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. चाकं मागे, कॅस्टर पुढे, आणि सेलचा होल्डर चाकांच्या बरोबर वर. वजन पुढे गेलं की चाकं घसरतात आणि कॅस्टर फरपटतो. शहाबादी फरशीच्या सांध्यांत लहान कॅस्टर अडकतो, तिथे चटई टाका.

मोटर १०० आरपीएमचीच का? ६५ मिमीचं चाक एका फेऱ्यात सुमारे २०.४ सेंटिमीटर जातं, म्हणजे १०० आरपीएमला सेकंदाला ३४ सेंटिमीटर. दोन चाकांमध्ये १३ सेंटिमीटर अंतर असेल तर एकच चाक फिरताना रोबो सेकंदाला साधारण १५० अंश वळतो. ३०० आरपीएमची मोटर लावली तर हेच सेकंदाला सव्वा गिरकी होतं. एलडीआर मुळात सावकाश आहे. उजेड बदलल्यावर त्याला सावरायला २० ते ३० मिलिसेकंद लागतात, अंधाराकडे जाताना त्याहून जास्त. वेगवान रोबो टॉर्च ओलांडून पुढे जातो, मग उलट ओलांडतो आणि जागच्या जागी हेलकावे खात राहतो.

८. नाक

आमचा दुसरा रोबो इथे फसला होता. सर्किट जवळपास बरोबर होतं, पण दोन्ही एलडीआर शेजारी-शेजारी, सरळ पुढे बघत लावले होते. टॉर्च दीड मीटरवर आणि वीस अंश बाजूला असेल, आणि डोळ्यांमध्ये ६ सेंटिमीटर अंतर असेल, तर दोघांवरच्या उजेडात जेमतेम काही टक्क्यांचा फरक पडतो. तेवढ्यावर रोबोला काही ठरवता येत नाही.

दोघांना प्रत्येकी ३० ते ४० अंश बाहेरच्या बाजूला वळवा. मध्ये काळ्या कार्डशीटची उभी भिंत लावा, ५ सेंटिमीटर उंच, ६-७ लांब, पुढे आलेली. आता टॉर्च डावीकडे असली की भिंतीची सावली उजव्या डोळ्यावर पडते आणि फरक टक्क्यांत न राहता पटींत होतो. वर एक लहानसं काळं छप्परही करा, नाहीतर वरची ट्यूब दोघांवर सारखाच उजेड ओतत राहते. मुलीने या भिंतीला नाक म्हटलं. मला ते पटलं, कारण नाकामुळेच रोबोला दिशा कळते.

९. पहिली धाव

रोबो एका डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी. खोलीत अंधार करा, टॉर्च एक मीटरवर अगदी समोर धरा आणि प्रिसेट पुन्हा तिथे आणा जिथे फिरणारं चाक बदलतं. मग जमिनीवर सोडा. मोबाइलची टॉर्च चालते, पण ती जमिनीच्या जवळ, रोबोच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. चकचकीत फरशीवर टॉर्चचं प्रतिबिंबही पडतं आणि रोबो त्याच्याकडे जाऊ पाहतो.

तो सरळ रेषेत येणार नाही. एका वेळी एकच चाक फिरतं, म्हणून डावं-उजवं, डावं-उजवं करत चालतो. ही चूक नाही. पूर्ण अंधारातही तो थांबत नाही, कारण तुलनेचा काहीतरी निकाल नेहमी लागतोच. थांबवायला स्विच.

बिघाड ओळखायला:

रोबो उजेडापासून पळतो: पाय १ आणि ७ कडून बेसकडे जाणाऱ्या वायरींची अदलाबदल झाली आहे. त्या बदला.

एक चाक उलटं फिरतं: फक्त त्या मोटरच्या दोन वायरी ब्रेडबोर्डच्या टोकाला बदला. वरचा आणि हा बिघाड वेगळे आहेत. घाईत दोन्ही उपाय एकदम केले तर गुंता होतो.

एलईडी बदलतो, चाक फिरत नाही: ट्रान्झिस्टरचे पाय तपासा, मग मोटरची वायर थेट सेलला लावून बघा.

मोटर सुरू होताच दोन्ही एलईडी फडफडतात: सेल उतरले आहेत किंवा ४७० चा कपॅसिटर राहिला आहे.

दिवसा नीट चालत नाही: खिडकीचं ऊन टॉर्चपेक्षा कितीतरी प्रखर असतं, रोबो खिडकीकडेच जाणार. तो त्याचं काम बरोबर करतो आहे.

शाळेच्या प्रदर्शनात नेमका हाच प्रश्न येतो, कारण वर्गाच्या खिडक्या बंद होत नाहीत. फ्रिज किंवा टीव्हीचा मोठा खोका सोबत न्या, एक बाजू कापून तो आडवा ठेवा आणि आतून काळा कागद लावा. बघायला आलेल्या मुलाच्या हातात टॉर्च द्या आणि त्याला खोक्याच्या दुसऱ्या टोकाला बसवा. चार सेल जास्तीचे ठेवा, आणि दर तासाला प्रिसेट एकदा तपासा.